उघड्या छताची मोटार आणि झाकलेली माहिती

चाळीस हजार डॉलरची मोटार दहा हजार डॉलरना मिळू लागली की घेणाऱ्याला आपण बाजारावर मात केली असे वाटू लागते. अमेरिकेत 'पोर्शे बॉक्स्टर' या मोटारीच्या बाबतीत नेमके असेच घडले. दोन आसने, मागे दुमडून ठेवता येणारे कापडी छत, आसनांच्या पाठीशी बसवलेले सहा सिलिंडरचे इंजिन आणि ताशी सुमारे २४० किलोमीटरपर्यंत जाणारा वेग, अशी ही स्पोर्ट्स मोटार. १९९७ साली ती अमेरिकेत विक्रीस आली तेव्हा तिची किंमत ४० हजार डॉलरच्या घरात होती. पुढील दीड दशकात त्या पहिल्या पिढीच्या गाड्या दहा हजार डॉलरच्या आतबाहेर मिळू लागल्या. नव्याकोऱ्या साध्या घरगुती मोटारीलाही याहून बरेच अधिक पैसे मोजावे लागत होते. साहजिकच जे तरुणपणी विक्रीदालनाच्या काचेबाहेर उभे राहून ही गाडी पाहत होते, ते शिक्षक, कारागीर, कारखान्यातील तंत्रज्ञ चाळिशी-पन्नाशीत तिचे मालक होऊ लागले.

हा सारा हौसेचा मामला आहे, आणि हौसेला मोल नसते असे म्हणतात. मग समाजवादी कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. परंतु भांडवलशाहीचे समर्थक या व्यवहाराकडे नुसती हौस म्हणून पाहत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो एका सिद्धांताचा पुरावा असतो. श्रीमंताने आज उपभोगलेली वस्तू उद्या मध्यमवर्गीयाला आणि परवा कामगाराला परवडू लागते. म्हणून विषमतेची चिंता करण्याचे कारण नाही, काळ आणि बाजार मिळून चैनीचेही लोकशाहीकरण करतात, असा हा सिद्धांत आहे. स्वस्तात मिळालेली उघड्या छताची मोटार हे त्याचे सर्वांत चकचकीत उदाहरण. तेव्हा सिद्धांत तपासायचा तर याच उदाहरणाचे बॉनेट उघडून पाहिले पाहिजे. अर्थात या गाडीच्या बाबतीत एक अडचण आहे. तिचे इंजिन पुढच्या बॉनेटखाली नसते आणि मागचे झाकण उघडले तरी दिसत नाही.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जुन्या वस्तूची किंमत उतरते ती दोन कारणांनी. एक म्हणजे वस्तू झिजते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. नवेपणासाठी मोजलेला पैसा पहिल्या मालकाच्या दारातून गाडी बाहेर पडताच विरू लागतो. महागड्या मोटारीत हा दुसरा भाग मोठा असतो, म्हणून तिची किंमत साध्या मोटारीपेक्षा वेगाने कोसळते. इथवर खरेदीदाराचा फायदाच आहे; दुसऱ्याच्या प्रतिष्ठेचे पैसे त्याला द्यावे लागत नाहीत.

परंतु किंमत कोसळली तरी गाडी मात्र ४० हजार डॉलरचीच राहते. तिचे ब्रेक, तिचा क्लच, तिचे रेडिएटर, छत उघडणारी यंत्रणा, हे सारे भाग नव्या गाडीच्या किमतीच्या प्रमाणात महाग असतात. ज्या मिस्त्रीला हे काम येते त्याची मजुरीही मालकाने गाडी कितीला घेतली हे पाहून ठरत नाही. म्हणजे खरेदीची किंमत तिसऱ्या मालकाच्या खिशाप्रमाणे ठरते आणि देखभालीची किंमत पहिल्या मालकाच्या. या दोहोंमधील अंतर हाच जुन्या उंची मोटारीच्या व्यवहाराचा गाभा आहे. सुरुवातीच्या बॉक्स्टरमध्ये छताची मागची खिडकी प्लास्टिकची होती. ती कालांतराने पिवळी पडे, तडकत असे. पहिल्या मालकाला तिचे काही वाटले नाही, कारण ती तडकेपर्यंत गाडी त्याच्याकडे राहिलीच नाही.

अमेरिकेत अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर घेतल्या जातात. दोनतीन वर्षे गाडी वापरायची, करार संपला की परत करायची आणि दुसरी घ्यायची. कंपनीची हमी नेमकी याच वर्षांत लागू असते. तात्पर्य, ज्याला बिघाडाचा खर्च सहज सोसला असता त्याला बिघाड बहुधा दिसतच नाही. आणि ज्याच्या वाट्याला तो दिसायला येतो, त्याच्या वेळी हमी संपलेली असते. चैन खाली झिरपते हे काही अंशी खरे. तिच्याबरोबर तिची जोखीमही झिरपते, आणि वाटेत तिचा निचरा होत नाही. तळाशी जो असतो त्याच्या अंगणात ती साचते.

इंजिनातील एक लहानसा भाग

ही जोखीम कशी असते हे समजण्यासाठी बॉक्स्टरच्या इंजिनातील एका लहानशा भागाची हकीकत सांगणे आवश्यक आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टकडून मिळणारी गती व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेण्यासाठी मध्ये आणखी एक दांडा असतो. त्या मधल्या दांड्याचे एक टोक बॉल बेअरिंगवर फिरते. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद, आतल्या ग्रीसवर चालणारे. काळाने त्याचे सील खराब झाले की इंजिनातील ऑइल आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळ्या झिजू लागतात. शेवटी बेअरिंग मोडले तर दांडा जागेवर राहत नाही, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ चुकतो, धातूचा चुरा सर्व इंजिनभर पसरतो आणि काही क्षणांत इंजिन निकामी होते. नवे इंजिन बसवण्याचा खर्च गाडीच्या तेव्हाच्या किमतीहून अधिक, म्हणून गाडी थेट भंगारात.

या बिघाडाचे वैशिष्ट्य असे की तो बाहेरून दिसत नाही. बेअरिंगपर्यंत पोहोचायचे तर गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावे लागतात. जाणकार मिस्त्री ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का हे पाहतात. पण घाईत सौदा करणाऱ्या कोणत्या विकणाऱ्याने आपल्या गाडीचा फिल्टर कापू दिला आहे? त्यात आणखी एक विपरीत गोष्ट आहे. जुनी मोटार घेताना ती कमी चाललेली असावी असे शहाणपण सांगते. या गाडीबाबत मात्र अनेक अनुभवी मिस्त्रींचे मत उलट आहे: वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, क्वचितच बाहेर काढलेल्या गाडीच्या बेअरिंगचा भरवसा नियमित चालवलेल्या गाडीपेक्षा कमी. म्हणजे जी खूण चांगुलपणाची म्हणून दाखवली जाते, तीच कदाचित धोक्याची असते. बैलाचे दात मोजून वय ओळखणाऱ्या शेतकऱ्यालाही इथे हात टेकावे लागतील.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की बहुसंख्य गाड्यांचे बेअरिंग मोडले नाही. हजारो मालकांनी या गाड्या लाखो किलोमीटर सुखाने चालवल्या. कंपनीनेही पुढे या भागाची रचना बदलली. २००९ च्या मॉडेलसाठी आणलेल्या नव्या इंजिनात तो मधला दांडाच ठेवला नाही. परंतु तोपर्यंत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मालकांपुढे प्रश्न उभाच राहिला: आपली गाडी बहुसंख्यांतली की दुर्दैवी थोड्यांतली?

लिंबांचा बाजार

अर्थशास्त्रात या प्रश्नाला एक प्रसिद्ध उत्तर आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा 'द मार्केट फॉर लेमन्स' हा निबंध १९७० साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी तीन नामांकित नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अकेरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयावरील कामासाठी. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीला 'लिंबू' म्हणतात. निबंधाचे नाव त्यावरून आले.

अकेरलॉफ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे गुणदोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी मोटारीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम मोटार विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. राहिलेल्या मोटारींची सरासरी आणखी खालावते, तशी किंमतही आणखी उतरते आणि मग मध्यम प्रतीच्या मोटारीही नाहीशा होतात. वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. सर्वांचे हित साधणारा म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात तो खुला बाजार केवळ माहितीच्या विषम वाटणीमुळे मोडून पडू शकतो.

या निबंधाचा भारताशीही संबंध आहे. अकेरलॉफ यांनी १९६७-६८ चे वर्ष भारतात काढले होते. गृहिणीला तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे वेचून काढावे लागतात, हे बाजारातील उदाहरण त्यांनी निबंधात दिले. गावच्या सावकाराचे भरमसाट व्याज आणि भारतातील मॅनेजिंग एजन्सीची पद्धत यांचाही विचार त्यात आहे. चोख माहिती नसलेल्या बाजारात दुर्बळाला जास्त किंमत मोजावी लागते, हे सूत्र मोटारीपुरते नाही, याची जाणीव त्यांना होती.

मात्र बॉक्स्टरच्या उदाहरणाने हे सूत्र एक पाऊल पुढे न्यावे लागते. अकेरलॉफ यांच्या मांडणीत अज्ञान विकणारा आणि घेणारा या दोघांमधले आहे. इथे तर विकणाऱ्यालाही बेअरिंगची अवस्था ठाऊक नाही! तो सज्जन असला, जे ठाऊक ते सर्व सांगणारा असला, तरी काही उपयोग नाही. कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. किती इंजिने हमीच्या काळात परत आली, कोणत्या वर्षीच्या गाड्यांत दोष अधिक, या प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी गोळा होतात, ती म्हणजे उत्पादक कंपनीच्या दप्तरात. म्हणजे माहितीची खरी दरी दोन व्यक्तींमध्ये नसून एक संस्था आणि विखुरलेले सारे मालक यांच्यामध्ये आहे. व्यक्तींच्या प्रामाणिकपणाने ही दरी बुजत नाही. ती बुजवायची तर संस्थेवर बंधन घालावे लागते, आणि इथेच अर्थशास्त्राचा प्रश्न राजकारणाचा होतो.

अज्ञानाच्या बाजूने झालेले मतदान

बाजारातील अज्ञान पावसासारखे आभाळातून पडत नाही. ते राखले जाते, आणि त्यासाठी प्रसंगी मतेही मिळवली जातात. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या नियमाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मोटार कंपन्या सुरक्षिततेकडे कसा काणाडोळा करतात याची देशभर चर्चा झाली. १९६६ साली मोटार सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा आला. १९७२ साली मोटारीने कापलेले अंतर दाखवणारे मीटर मागे फिरवणे केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवले गेले. १९७५ साली हमीविषयक कायदा करताना अमेरिकन काँग्रेसने फेडरल ट्रेड कमिशनला जुन्या मोटारींच्या विक्रीसाठी नियम तयार करण्यास सांगितले. कमिशनने चौकशी केली, साक्षी घेतल्या आणि १९८१ साली नियम मंजूर केला. त्यात विक्रेत्यांवर फार मोठा बोजा नव्हता. प्रत्येक गाडी तपासलीच पाहिजे अशी सक्तीही नव्हती. जे मोठे दोष विक्रेत्याला स्वतःला माहीत आहेत, ते गाडीच्या काचेवर लावलेल्या कागदावर लिहावेत, एवढीच अपेक्षा होती.

एवढी अपेक्षाही सहन झाली नाही. मोटार विक्रेत्यांच्या संघटनेने जोर लावला. कमिशनचा नियम रद्द ठरवण्याचा अधिकार काँग्रेसने त्या काळी स्वतःकडे ठेवला होता; तो वापरून मे १९८२ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध २७ आणि प्रतिनिधिगृहाने २८६ विरुद्ध १३३ मतांनी नियम फेटाळला. या विक्रेत्यांच्या संघटनेने लोकप्रतिनिधींना दिलेल्या निवडणूक देणग्यांची चर्चा तेव्हा उघडपणे झाली. पुढे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचा असा अधिकार घटनाबाह्य ठरवला. नियम पुन्हा कमिशनच्या टेबलावर आला. परंतु तोवर वारे बदलले होते. कमिशनने दोष जाहीर करण्याचे कलम स्वतःच गाळले आणि उरलेला नियम १९८५ साली अमलात आणला.

आज अमेरिकेत विक्रेत्याकडे उभ्या असलेल्या जुन्या मोटारीच्या काचेवर जो कागद दिसतो तो या गाळलेल्या नियमाचा. हमी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकली जात आहे, हे त्यावर लिहिलेले असते. गाडी स्वतंत्र मिस्त्रीकडून तपासून घ्यावी असा सल्लाही असतो. सल्ला उत्तमच. परंतु विक्रेत्याने आपल्याला माहीत असलेले सांगावे, ही जबाबदारी तिथून गेली आणि तिच्या जागी घेणाऱ्याने पदरचे पैसे खर्चून शोधून काढावे, ही जबाबदारी आली. एका मालकाने दुसऱ्या व्यक्तीला परस्पर गाडी विकली तर हा कागदही लागू नाही. काही राज्यांनी याहून अधिक केले आहे. न्यूयॉर्क राज्यात विक्रेत्याने जुन्या मोटारीलाही मर्यादित हमी द्यावी लागते. पण एक लाख मैलांहून अधिक चाललेल्या गाड्या त्या कायद्याबाहेर आहेत. ज्या गाड्या गरजूच्या किंवा हौशी सामान्य माणसाच्या आवाक्यात येतात, त्यांपैकी बऱ्याच अशा रीतीने संरक्षणाच्या कुंपणाबाहेरच राहतात.

नुकसान कोणाच्या पदरी?

येथे साधे अंकगणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, शंभर गाड्यांपैकी पाचांचे इंजिन या दोषाने जाते आणि नवे इंजिन १२ हजार डॉलरना पडते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एकूण नुकसान ६० हजार डॉलर. ते शंभर गाड्यांवर वाटले तर प्रत्येक गाडीमागे ६०० डॉलर येतात, म्हणजे ४० हजारांच्या मूळ किमतीच्या दीड टक्के. कंपनीने हा भार उचलला असता तर नव्या गाडीच्या ग्राहकाला तो जाणवलाही नसता. परंतु तसे न होता नुकसान जिथे कोसळेल तिथे कोसळू दिले, तर पंचाण्णव जणांना काहीच द्यावे लागत नाही आणि पाच जणांना प्रत्येकी १२ हजार डॉलर द्यावे लागतात. हे पाच जण कोण? बहुधा हमी संपल्यानंतर, दहा हजारांना गाडी घेतलेले. एकूण नुकसान तेवढेच. पण पहिल्या व्यवस्थेत त्याचे नाव विमा असते, दुसऱ्या व्यवस्थेत दुर्दैव.

प्रत्यक्षात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मालकांनी या दोषाबद्दल सामूहिक दावा दाखल केला. त्यात २००१ ते २००५ या मॉडेलवर्षांच्या काही बॉक्स्टर आणि '९११' गाड्यांबाबत २०१३ साली तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु ठरावीक अटींवर भरपाई देण्याचे स्वीकारले. या अटींत गाडी प्रथम विकली गेल्यापासून दहा वर्षांची मुदत आणि कापलेल्या अंतराची मर्यादा होती. गाडी नवी घेणाऱ्याच्या तुलनेत जुनी घेणाऱ्याला मिळणारा वाटाही कमी होता. कायद्याच्या भाषेत याचे समर्थन करता येईल. ज्याने कंपनीला पैसे दिले त्याच्याशीच कंपनीचा करार, असे म्हणता येईल. पण तडजोड होईपर्यंत २००१ सालची गाडी बारा वर्षांची झाली होती. नेमकी याच वयात ती स्वस्त होते आणि नेमके याच वयात तिच्यामागे उभे राहणारे कोणी उरत नाही. हा निव्वळ योगायोग नव्हे. मागे कोणी नाही, म्हणूनच ती स्वस्त आहे.

दुसऱ्या बाजूला या गाडीने कंपनीला काय दिले तेही आठवावे. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास मोटारी विकणाऱ्या पोर्शेची विक्री १९९३ च्या सुमारास तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेली होती. मोठी कामगारकपात झाली. जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी बदलण्यात आली. बॉक्स्टरचे पुढचे अनेक भाग त्याच वेळी तयार होत असलेल्या '९११' बरोबर समाईक ठेवून खर्च कमी करण्यात आला, आणि मागणी वाढल्यावर १९९७ पासून तिची जुळणी फिनलंडमधील उसिकौपुंकी येथील कंत्राटी कारखान्यातही होऊ लागली. कंपनी सावरली ती मुख्यतः या मोटारीच्या बळावर. सावरलेल्या कंपनीचा नफा भागधारकांच्या पदरी पडला. उरलेल्या जोखमीचे कागद मात्र गाडीबरोबर हातोहात फिरत राहिले.

माहिती सर्वांची झाली तेव्हा

या हकीकतीची एक उजळ बाजू आहे आणि ती कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बेअरिंगचा दोष लोकांना कळला तो एखाद्या सरकारी अहवालातून नव्हे. मालकांच्या मंडळांनी आणि स्वतंत्र मिस्त्रींनी मोडलेली बेअरिंगे एकत्र पाहिली, कोणत्या वर्षीच्या गाडीत कोणत्या प्रकारचे बेअरिंग होते याच्या नोंदी केल्या, इंजिन न उघडता केवळ गिअरबॉक्स आणि क्लच उतरवून ते बदलण्याची रीत बसवली, अधिक टिकाऊ पर्यायी भाग तयार केले. क्लच बदलण्याच्या वेळीच बेअरिंग बदलावे, हा सल्ला हळूहळू सर्वतोमुखी झाला. या कामाला दोनतीन हजार डॉलर पडतात. पण इंजिन वाचते. आज जाणकार खरेदीदार गाडीच्या रंगाआधी बेअरिंग बदलल्याची पावती मागतो, आणि जिच्यापाशी ती आहे त्या गाडीला भावही अधिक मिळतो.

अकेरलॉफ यांच्या लिंबांच्या बाजारावर हा काही अंशी तरी उतारा ठरला, आणि तो स्पर्धेने दिला नाही. नफ्याचा हिशेब न करता एकमेकांना सांगितलेल्या अनुभवाने तो दिला. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. ज्ञान पसरले तसे भयही पसरले आणि भयावर धंदा करणारेही निघाले. जो कोणत्याही मंडळात नाही, ज्याला अनुभवी मिस्त्री माहीत नाही, जो पहिल्याच रविवारी चकाकणारी गाडी पाहून पैसे मोजतो, त्याच्यापर्यंत हे ज्ञान आजही पोहोचत नाही. स्वेच्छेच्या सहकाराने वाट दाखवली; ती सर्वांसाठी खुली ठेवणे हे कायद्याचेच काम आहे. अमेरिकेतच हे शक्य असल्याचे दिसते. टायरांच्या अपघातांनंतर २००० साली झालेल्या कायद्याने मोटार कंपन्यांना जीविताच्या धोक्याशी संबंधित तक्रारी व हमीदाव्यांची माहिती सरकारला कळवणे भाग पडले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली, दुरुस्तीसाठी लागणारी माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे असा कौल दिला. ज्या दोषाने प्राण जाऊ शकतो त्याची माहिती सार्वजनिक होऊ शकते, तर ज्याने एखाद्या कुटुंबाची शिल्लक जाते त्याची का होऊ नये?

भारतातही जुन्या वाहनांचा बाजार वेगाने वाढला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम जाहीर केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा भर आहे तो विक्रेत्यांची नोंद आणि हस्तांतराच्या काळातील जबाबदारी यांवर. तो आवश्यकच होता. चोरीची किंवा दुसऱ्याच्या नावावरची गाडी गळ्यात पडण्याचा धोका त्याने कमी होईल. पण माहीत असलेला यांत्रिक दोष सांगण्याचे बंधन हा त्यापुढचा टप्पा आहे. त्या टप्प्यावर अमेरिकेत १९८२ साली काय घडले, हे येथील ग्राहक चळवळीने विसरता कामा नये.

मागण्या साध्या आहेत. हमीच्या काळात परत आलेल्या मोठ्या भागांची आकडेवारी उत्पादकाने मॉडेलवर्षानुसार जाहीर करावी. विक्रेत्याने माहीत असलेला दोष लेखी सांगावा. मूळ रचनेतील दोषाची जबाबदारी वस्तूबरोबर चालावी, पहिल्या मालकाबरोबर निघून जाऊ नये. यांतील एकाही मागणीने कोणाची हौस हिरावली जात नाही. संध्याकाळच्या वाऱ्यात छत मागे टाकून गाडी चालवण्याचा आनंद निरुपद्रवी आहे आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त केल्या त्यालाही तो मिळावा, यात समाजवादाला आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या आनंदाच्या पावतीवर न छापलेल्या आकड्याला. बाजारात एखादी वस्तू तिच्या योग्यतेहून फार स्वस्त मिळते, तेव्हा उरलेली किंमत माफ झालेली नसते. ती पुढे कोणीतरी, बहुधा सर्वांत शेवटचा मालक, भरणार असतो; आणि ती किती हे त्याला सौद्याच्या दिवशी कोणी सांगितलेले नसते.